कातरलेला फोटो खोटा नसतो

छायाचित्रणाच्या वर्गांत आणि स्पर्धांच्या परीक्षणात एक मत पक्कं होऊन बसलं आहे: खरा छायाचित्रकार फ्रेम कॅमेऱ्यातच पूर्ण करतो, नंतर संगणकावर क्रॉप करणं हा कच्चेपणा, किंवा सरळ लबाडी. दाखला हमखास छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा दिला जातो. क्रॉप त्यांना खपत नसे, हे खरं. पण त्यांचं सर्वांत गाजलेलं छायाचित्र कातरलेलं आहे. 1932 साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे त्यांनी फळ्यांच्या कुंपणातल्या फटीतून पाण्यावरून झेपावणारा माणूस टिपला. भिंग फटीत पुरतं मावलं नाही, डावीकडे फळी आली. ती कापून टाकली म्हणून त्या झेपेला काही बाधा आली नाही.

मुळात अखंड फ्रेम असते कुठे? भिंग गोल प्रतिमा टाकतं. त्यातून आयत कापतो तो सेन्सर. त्या आयताचं 3:2 हे प्रमाण ऑस्कर बार्नाक यांनी लायका कॅमेरा घडवताना सिनेमाच्या फिल्मवरची 18×24 मिलिमीटरची चौकट दुप्पट केली, त्यातून आलं. एका तंत्रज्ञाने सोयीसाठी आखलेल्या कडांना कलेची मर्यादा का मानायचं? फिल्मच्या काळात तर बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमधून पूर्ण चौकट दिसतही नसे.

क्रॉपने दर्जा घसरतो, हा आक्षेप हिशेबाने सुटतो. 24 मेगापिक्सेलचा, 6000×4000 पिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा केला, तरी 3000×2000 उरतात. इंचाला 300 पिक्सेल धरले तर 10 इंच रुंदीची छपाई होते. मासिकाच्या पानाची रुंदी भरते. जवळ जाऊन घेतलेल्या फोटोची खोली मात्र क्रॉपने येत नाही. पर्स्पेक्टिव्ह आपण उभे कुठे आहोत यावर ठरतो. तिथे पायच चालवावे लागतात.

लबाडीचा आक्षेप जास्त गंभीर आहे. 2010 साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत युक्रेनचे स्तेपान रुदिक यांचं पारितोषिक रद्द झालं. हाताला बँडेज बांधलं जात असल्याचा तो फोटो. मूळ चौकटीचा बराच मोठा भाग त्यांनी कापला होता, रंग काढून कृष्णधवल केला होता. यातलं काहीही परीक्षकांना आक्षेपार्ह वाटलं नाही. नडला तो मागच्या माणसाच्या पायाचा एक इवलासा भाग, जो सॉफ्टवेअरने पुसला होता. हा निवाडा मला पूर्ण पटतो. क्रॉप चौकट लहान करतो, पण उरलेल्या चौकटीत जे होतं ते तसंच ठेवतो.

तरीही क्रॉपने अन्याय होऊ शकतो, आणि तो झाला आहे. जानेवारी 2020 मध्ये दावोस इथे पाच तरुण हवामान-कार्यकर्त्या एका रांगेत उभ्या होत्या. एपी वृत्तसंस्थेने प्रसृत केलेल्या फोटोत चारच उरल्या. कापल्या गेल्या त्या युगांडाच्या व्हनेसा नाकाते, त्यांच्यातल्या एकमेव कृष्णवर्णीय. मागची इमारत रचनेत खटकत होती, असं कारण दिलं गेलं; नंतर संस्थेने दिलगिरी व्यक्त केली. पण हाच अन्याय कॅमेरा जरा डावी-उजवीकडे वळवूनही करता आला असता, आणि तेव्हा फोटो ‘अखंड’ ठरून परीक्षकांच्या हातून सहज सुटला असता. म्हणून परीक्षकांनी मूळ फाइल जरूर मागावी, पण ती क्रॉप पकडण्यासाठी नव्हे. कापलेल्या भागात बातमीतलं कोणी होतं का, हे पाहण्यासाठी.