बिठूरचे आठ लाख आणि आपले एक हजार : पेन्शनची दोनशे वर्षं

सध्या कुठल्याही कट्ट्यावर पेन्शनचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. सरकारी नोकरीतला म्हणतो, जुनी पेन्शन हा आमचा हक्क आहे. दुसरा म्हणतो, आम्हाला काहीच नाही, मग आमच्या करातून यांनाच का? दोघांचाही राग खरा आहे. पण भांडण नेमकं कशावरून आहे हे कळायला थोडं मागे जावं लागतं. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

सुरुवात आपल्या पेशव्यांपासूनच करू. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव जॉन माल्कमला शरण गेला. पुणं आणि गादी सोडायची, त्या बदल्यात कंपनी वर्षाला आठ लाख रुपये देणार, असा सौदा झाला. बाजीराव कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिला आणि १८५१ मध्ये तिथेच वारला. दत्तक मुलगा नानासाहेबाने तनखा पुढे चालू ठेवा अशी मागणी केली. डलहौसीच्या सरकारने ती फेटाळली. त्यांचं म्हणणं, रक्कम बाजीरावाच्या हयातीपुरती होती, विषय संपला. नानासाहेबाचा वकील अझीमुल्ला खान थेट लंडनला जाऊन आला, हाती काही लागलं नाही. पुढचं १८५७ आपण शाळेत शिकलोय.

तेव्हाची पेन्शन म्हणजे हे असं होतं. देणाऱ्याची मर्जी असेपर्यंत मिळणार. १८७१ मध्ये इंग्रजांनी पेन्शनचा कायदा केला, त्यातही हीच वृत्ती दिसते. सरकारने दिलेल्या तनख्याबद्दल दिवाणी कोर्टाने परस्पर दावा ऐकायचा नाही, आधी कलेक्टरचा दाखला हवा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच माणसाची परवानगी.

त्याच सुमाराला युरोपात वेगळा विचार पुढे आला. १८८९ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांसाठी म्हातारपणाच्या विम्याचा कायदा केला. कामगार आणि मालक दोघांनी पैसे भरायचे, सरकारने भर घालायची, आणि वयाच्या सत्तरीला पेन्शन सुरू. सत्तरी गाठणारे तेव्हा फार नव्हते, हे खरंच. पण तत्त्व महत्त्वाचं होतं. ज्याने भरलं त्याला मिळणार, मर्जीचा प्रश्न नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे दोन वाटा झाल्या. सरकारी नोकराला तिजोरीतून पेन्शन. कारखान्यातल्या कामगाराला प्रॉव्हिडंट फंड. १९५२ च्या पीएफ कायद्यात सुरुवातीला फक्त सहा उद्योग होते, त्यात कापड गिरण्या होत्या. मुंबईच्या गिरणगावासाठी ही मोठी गोष्ट होती. पण पीएफ ही एकरकमी मिळणारी गाठोडी. ती मुलीच्या लग्नात, गावाकडच्या घराच्या कौलात, कर्जफेडीत जायची. दरमहा काही यायची सोय त्यात नव्हती. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन योजना आली, ती नावाप्रमाणे कुटुंबासाठी होती, म्हणजे कामगार नोकरीत असताना गेला तर. जिवंतपणी निवृत्त झालेल्याला तिच्यातून दरमहा पेन्शन नव्हतीच.

१९७१ हे वर्ष मला फार बोलकं वाटतं. याच वर्षी संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्ती करून बंद झाले. आणि याच वर्षी देवकीनंदन प्रसाद या बिहारमधल्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पेन्शन ही सरकारची बक्षिसी नाही, तो नोकराचा हक्क आहे. राजांचा तनखा गेला आणि नोकराची पेन्शन हक्क ठरली, दोन्ही एकाच वर्षी.

मग आलं १९८२. सरकारने १९७९ मध्ये पेन्शनचं सूत्र सुधारलं होतं, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वगळलं. एक दिवस आधी रिटायर झाला तर कमी, नंतर झाला तर जास्त. डी. एस. नाकरा हे निवृत्त अधिकारी कोर्टात गेले. १७ डिसेंबर १९८२ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. एका तारखेवरून निवृत्तांचे दोन वर्ग पाडणं समानतेच्या विरुद्ध आहे, असं कोर्टाने ठरवलं. पेन्शन म्हणजे केलेल्या कामाचाच पुढे ढकललेला मोबदला, हा विचार या निकालात स्पष्ट आला. म्हणून १७ डिसेंबर आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

आता त्याच १९८२ ची दुसरी बाजू बघा. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला होता. दिल्लीत नाकरांचा निकाल लागला तेव्हा परळ-लालबागचे कामगार अकरा महिने बिनपगारी होते. त्यातले हजारो परत कामावर गेलेच नाहीत. पीएफ उचलला, कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला गावी गेले, आणि पैसे संपले तसे मुलांवर अवलंबून राहिले. त्यांनीही वीस-पंचवीस वर्षं घाम गाळला होता. पुढे ढकललेला मोबदला त्यांचा नव्हता का? तो प्रश्न कोर्टापुढे कुणी नेला नाही, कारण त्यांच्याकडे दाद मागायला पेन्शनच नव्हती.

खासगी नोकरीतल्यांसाठी मासिक पेन्शन आली ती नोव्हेंबर १९९५ मध्ये, ईपीएस-९५. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिकडे वळतात. पेन्शन ठरवण्याचं सूत्र सोपं आहे : पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पण पगाराची कमाल मर्यादा २०१४ पासून १५ हजार. म्हणजे पस्तीस वर्षं नोकरी केली तरी हिशेब साडेसात हजारांच्या आसपास येतो. किमान पेन्शन एक हजार, तीही २०१४ पासूनच. यात महागाई भत्ता नाही.

दर नोव्हेंबरला मी आमच्या गल्लीतल्या ज्येष्ठांचे हयातीचे दाखले मोबाइलवर काढून देतो, त्यामुळे हे आकडे मला पाठ झालेत. एकाच गल्लीत एका काकांना सरकारी पेन्शन आहे, भत्ता वाढला की तीही वाढते. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकांना दीड हजाराच्या आत मिळतात आणि रक्कम वर्षानुवर्षं हलत नाही. दोघांचं वय सारखं, औषधंही जवळपास सारखीच.

सरकारी नोकरांची वाटही नंतर बदलली. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नवीन लागणाऱ्याला अंशदानाची योजना. आपले दहा टक्के, सरकारचा वाटा, बाजारात गुंतवणूक, शेवटी जे जमेल ते. म्हणजे पुन्हा एक तारीख आली आणि पुन्हा दोन वर्ग. मार्च २०२३ मधला आठवडाभराचा संप त्यातूनच आला. त्यानंतर केंद्राने एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजना आणली. पंचवीस वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन हमखास.

या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसते. पूर्वी माणूस किती जगेल आणि महागाई किती वाढेल, याचा धोका सरकार उचलत होतं. आता तो हळूहळू आपल्या अंगावर आलाय. आणि तो अंगावर आला की सगळ्यात महत्त्वाचं ठरतं ते वय.

अटल पेन्शन योजनेचंच उदाहरण घ्या. साठीनंतर महिना पाच हजार हवेत तर अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात. चाळीसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला १४५४. पहिल्याच्या खिशातून एकूण जातात १ लाख ५ हजार ८४०, दुसऱ्याच्या ३ लाख ४८ हजार ९६०. पेन्शन दोघांना तेवढीच. पण इथेच थांबू नका. महागाई सहा टक्के धरली तर किमती बारा वर्षांत दुप्पट होतात, छत्तीस वर्षांत आठपट. म्हणजे आज अठरा वर्षांच्या पोराला साठीला मिळणारे पाच हजार आजच्या सव्वासहाशेच्याही आत भरतील. नुसती ही योजना घेऊन निवांत बसता येणार नाही.

म्हणून वयाप्रमाणे मला जे वाटतं ते सांगतो.

पंचविशीत नोकरी बदलताना पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढू नका, खातं नव्या नोकरीत वळवून घ्या. काढले की मागची वर्षं गेली, आणि मासिक पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. या वयात थोडी जोखीम परवडते. एनपीएसमधला वयानुसार चालणारा मध्यम पर्यायही पस्तिशीपर्यंत निम्मे पैसे शेअर बाजारात ठेवतो आणि मग दरवर्षी कमी करत पंचावन्नला दहा टक्क्यांवर आणतो.

चाळिशीत मुलांची शिक्षणं आणि घराचा हप्ता असतो, तेव्हा म्हातारपणाचा वाटा सगळ्यात आधी कापला जातो. तो थोडा कमी करा, पण बंद करू नका. आणि ईपीएसचं सूत्र हातात घेऊन आपल्याला खरंच किती मिळणार ते एकदा कागदावर मांडा.

अठ्ठावन्न-साठीला एकरकमी पैसा हातात येतो, तेव्हा गिरणगाव आठवा. लग्न आणि घर यांच्या आधी दरमहा घरखर्चाची सोय. नॉमिनीचं नाव तपासा, आणि आपल्या मागे बायकोला किती मिळणार ते तिला माहीत हवं.

ऐंशीच्या पुढे केंद्राच्या निवृत्तांना वीस टक्के जादा पेन्शन मिळते, शंभरीला ती दुप्पट होते. म्हणजे म्हातारपण वाढतं तसा खर्च वाढतो हे सरकारला मान्य आहे. मग हे तत्त्व हजार रुपयेवाल्याला का लागू नाही? साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धांसाठी केंद्राचा वाटा महिना दोनशे रुपये आहे. राज्य त्यात भर घालतं म्हणून थोडं तरी बरं.

जुनी की नवी हे भांडण चालू दे. पण शेतमजूर, घरकाम करणारी बाई, रिक्षावाला, गिरणीतून घरी बसलेला म्हातारा यांना त्या भांडणात जागाच नाही. नाकरांच्या निकालाने पेन्शन असलेल्यांमधला भेद मिटवला. पेन्शन असलेला आणि नसलेला हा भेद आपण अजून हातातच घेतलेला नाही. निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा, आणि घरातल्या पोरांना त्यांचा पीएफ काढण्याआधी ही पोस्ट वाचायला द्या.