पंडिता रमाबाईंचा धर्मसंवाद
पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा धर्मसंवाद खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू झाला. ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला, त्यातीलच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्या पत्रांतून निर्भयपणे वाद घालीत. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असे त्यांनी विचारले. लॅटिन भारतीय भगिनींना परकेच होते. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुषांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी विवेकबुद्धीचाच आधार घेतला. पुढे १८९३ मध्ये पुण्यातील शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप आला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्हीकडील धुरीणांना ही स्वतंत्र स्त्री अडचणीचीच वाटली. १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्या पत्रव्यवहाराचे मोल या एकाकी स्वातंत्र्यात आहे.