मार्शल लूई

मार्शल लूई हे अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक, पटकथालेखक व पॉडकास्ट निर्माते आहेत. ‘ब्लू स्टेट’ (२००७) आणि ‘कॅलिफोर्निया सोलो’ (२०१२) हे दोन स्वतंत्र चित्रपट त्यांनी लिहिले व दिग्दर्शित केले. पुढे ‘वंडरी’ या अमेरिकन पॉडकास्ट कंपनीत ते मुख्य आशय अधिकारी झाले.

चित्रपट कारकीर्द

मोठ्या स्टुडिओंच्या भांडवलाविना, मर्यादित खर्चात काढलेल्या चित्रपटांना अमेरिकेत स्वतंत्र चित्रपट म्हणतात. वितरकांचे लक्ष वेधण्यासाठी असे चित्रपट बहुधा महोत्सवांवर अवलंबून असतात. लूई यांचे दोन्ही चित्रपट याच वाटेने प्रेक्षकांसमोर आले.

‘ब्लू स्टेट’ २००७ च्या ट्रायबेका महोत्सवात दाखवण्यात आला. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज बुश पुन्हा विजयी झाल्यास देश सोडण्याची घोषणा करून बसलेला एक प्रचार कार्यकर्ता शब्द पाळण्यासाठी कॅनडाला निघतो, अशी त्याची कथा आहे. ब्रेकिन मायर व ॲना पॅक्विन यांनी प्रमुख भूमिका केल्या.

‘कॅलिफोर्निया सोलो’ २०१२ च्या सनडान्स महोत्सवात प्रदर्शित झाला. रॉबर्ट कार्लाइल यांनी साकारलेला त्याचा नायक हा लॉस एंजेलिसजवळच्या शेतावर राबणारा, एकेकाळचा स्कॉटिश रॉक संगीतकार आहे. मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाल्यावर जुना गुन्हा पुढे येतो आणि त्याच्यावर हद्दपारीचे संकट ओढवते. हा नायक फावल्या वेळात दिवंगत संगीतकारांच्या मृत्यूंविषयी पॉडकास्ट ध्वनिमुद्रित करत असतो.

वंडरी

हर्नान लोपेझ यांनी २०१६ मध्ये वंडरीची स्थापना केली. निवेदन, मुलाखती, पार्श्वसंगीत व ध्वनिपरिणाम यांच्या साहाय्याने सत्यघटना भागाभागांत, चित्रपटासारखी उत्कंठा राखून सांगणे हे कंपनीच्या मालिकांचे वैशिष्ट्य ठरले. पटकथेतील प्रसंगरचना व पात्रचित्रण यांचे महत्त्व येथेही कायम राहते. मात्र चित्रीकरणस्थळे, नेपथ्य व कॅमेरा यांचा खर्च टळतो.

यांतील अनेक कथा पुढे पडद्यावर आल्या. रुग्णांना गंभीर इजा पोहोचवणाऱ्या टेक्सासमधील एका शल्यविशारदावरील ‘डॉ. डेथ’ (२०१८) या पॉडकास्टवरून २०२१ मध्ये दूरचित्रवाणी मालिका निघाली. ‘वीवर्क’ कंपनीच्या उदयास्तावरील ‘वी क्रॅश्ड’ची मालिका २०२२ मध्ये आली. या दोन्ही मालिकांच्या कार्यकारी निर्मात्यांत लूई यांचा समावेश होता. गुन्ह्यांवरील सत्यकथांच्या या प्रकारावर, पीडितांच्या दुःखाचे रंजनात रूपांतर होत असल्याची टीकाही होत आली आहे.

उत्तरकाळ

वंडरी विकत घेण्याचा करार ॲमेझॉनने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये ॲमेझॉनने कंपनीची पुनर्रचना केली. तीत सुमारे ११० कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. कथनप्रधान मालिका ‘ऑडिबल’कडे सोपवण्यात आल्या, तर प्रसिद्ध व्यक्तींच्या गप्पांचे, बहुधा चित्रफितीसह प्रसारित होणारे कार्यक्रम वेगळ्या विभागाकडे गेले. संशोधन व ध्वनिसंयोजनासाठी दीर्घ काळ लागणाऱ्या कथनप्रधान पॉडकास्टच्या आर्थिक भवितव्याचा प्रश्न या बदलामुळे ठळक झाला.