खडकीचा धडा

हिंजवडीत आज फिजिओथेरपीच्या पाट्या जागोजागी दिसतात, त्यामुळे ही विद्या आयटीबरोबर आली असे वाटते. पुणे परिसरात तिची मुळे मात्र लष्करी आहेत. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी जवानांना हातात कसब देण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि पुढे खडकीत स्थिरावली. पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र आले, खडकीत १९७४ साली पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. या क्रमातच माझे म्हणणे आहे: आधी स्वावलंबन म्हणजे कमाई होती, शरीराचा स्वतःवरचा ताबा ही मागणी नंतर आली. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला हातांच्या जोरावर पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकायला शिकवणे, बसल्या जागी दर थोड्या वेळाने अंग उचलून शय्याव्रण टाळायला लावणे, हे कामही सुतारकामाइतकेच कसबाचे आहे.

कोणी म्हणेल, मुरलीकांत पेटकरांसारखा माणूस विरळाच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून पोहायला लागलेल्या पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. जिद्द त्यांचीच, यात वाद नाही. पण पाण्यात उतरवणारी व्यवस्थाही पाठीशी होती. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: हे सारे जवानांपुरतेच राहिले. मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकात सुरू झाले, तरी हिंजवडीतल्या परांचीवरून पडणाऱ्या मजुराला टाके निघाल्यावर गावी परतावे लागते, आणि महिनोन्महिन्यांचा व्यायाम तिथे त्याच्याकडून करून घेणारे कोणी नसते.