बीजगणितांतील न्यास : पक्षद्वयाची मांडणी व तिचें प्रामाण्य

आमच्या प्राचीन गणितग्रंथांत समतेचें चिन्ह आढळत नाहीं, सबब आमचें बीजगणित निव्वळ शब्दरूप होतें, असा आक्षेप पुष्कळदां ऐकूं येतो. श्लोक वाचून त्यांखालील ‘न्यास’ म्हणजे आंकड्यांची मांडणी सोडून दिली, तरच हा आक्षेप संभवतो. न्यास हा ग्रंथाचा अलंकार नसून पुरावा आहे, हें येथें दाखविण्याचें योजिलें आहे.

ब्रह्मगुप्तानें शके ५५० (इ. स. ६२८) मध्यें रचिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांत अव्यक्त राशींचें गणित स्वतंत्रपणें सांगितलें आहे. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणि शके १०७२ (इ. स. ११५०) चा, त्यांच्या बीजगणितांत ही पद्धति पूर्णत्वास पोंचलेली दिसते. पहिला अव्यक्त राशि ‘यावत्तावत्’, पुढील कालक, नीलक, पीतक इत्यादि वर्ण. त्यांचीं आद्याक्षरें या, का, नी, पी. व्यक्त संख्येस ‘रू’, म्हणजे रूप. वर्गास ‘व’, म्हणून यावत्तावताचा वर्ग ‘याव’. अंक अक्षरापुढें लिहावयाचा आणि तो ऋण असल्यास त्याच्या माथ्यावर बिंदु द्यावयाचा.

राशींची बेरीज-वजाबाकी समान जातींचीच होते. भिन्न जाती पृथक् ठेवाव्या, असा आचार्यांचा नियम आहे. या ३ व या ५ मिळून या ८ होतात. परंतु या ३ व रू ५ हे शेजारीं शेजारीं राहतात.

आतां आचार्यांचें एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. एकाजवळ ३०० रूपें व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे असून त्यास १०० रूपें ऋण आहे. दोघांचें वित्त समान, तर घोड्याचें मूल्य काय? याचा न्यास असा :

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या १०० वर बिंदु आहे. दोन पक्ष एकाखालीं एक ठेविले कीं समान जाती एका रांगेंत येतात व तुलना आपोआप होते. वरचे या ६ खालच्या या १० मधून शोधले असतां या ४ उरतात; खालचें ऋण १०० वरच्या ३०० मधून शोधतांना धन होऊन ४०० होतात. मूल्य १००, प्रत्येकाचें वित्त ९००.

एखादी जाती एका पक्षांत नसल्यास तिची जागाहि मोकळी सोडीत नसत. ब्रह्मगुप्ताचा टीकाकार पृथूदकस्वामी याचा एक न्यास पाहावा :

याव ० या १० रू ८
याव १ या ० रू १

येथें ८ वर बिंदु आहे. शून्यें घालून दोन्ही पक्ष समरूप केले आहेत. जेथें स्थान हेंच चिन्ह आहे, तेथें निराळ्या चिन्हाची गरज काय? युरोपांत समतेचें प्रचलित चिन्ह इंग्लंडच्या रॉबर्ट रेकॉर्ड यानें इ. स. १५५७ मध्यें प्रथम छापिलें.

या पद्धतींत एक धोका मात्र आहे. घोड्यांच्या उदाहरणांत लेखकाच्या हातून तो एक बिंदु सुटला, तर मूल्य ५० व प्रत्येकाचें वित्त ६०० येतें. उत्तर पूर्णांकांत व ताळाहि जुळतो. श्लोकांतील ‘ऋण’ हा शब्द पाहिल्यावांचून चूक उघडकीस येत नाहीं. उलट पेशावर प्रांतांतील बख्शाली गांवीं इ. स. १८८१ मध्यें सांपडलेल्या भूर्जपत्रांवरील पोथींत बिंदु शून्याचा किंवा अज्ञात राशीच्या रिकाम्या स्थानाचा द्योतक असून ऋण दाखविण्यास अंकापुढें आजच्या अधिक चिन्हासारखी खूण केलेली आहे. तेव्हां एका पोथीची परिभाषा दुसरीस लावणें म्हणजे अर्थाचा अनर्थ करणें होय.

या विषयाशीं महाराष्ट्राचा संबंध निकट आहे. चाळीसगांवाजवळील पाटण येथें आचार्यांचा नातू चांगदेव यानें भास्करीय ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याचें तेथील शिलालेखावरून कळतें. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. पुढें गोदातीरींच्या पार्थपुरचा सूर्यदास यानें शके १४६० (इ. स. १५३८) मध्यें बीजगणितावर टीका लिहिली. अशा ग्रंथांच्या प्रती तपासणाऱ्यांस आमची विनंति इतकीच कीं, न्यास आधुनिक समीकरणांत उतरवून मूळ मांडणी गाळूं नये. आधुनिक रूप टीपेंत द्यावें. अक्षरें, शून्यें, बिंदु व ओळींचा क्रम मात्र पोथींत असेल तसाच छापावा, आणि बिंदूविषयीं प्रतींत भेद असल्यास तो पाठभेद म्हणून नोंदवावा.