नुक्ता, संकेतांक आणि ‘ड़’ची दोन रूपे

मराठीत ‘घोडा’ आणि हिंदीत ‘घोड़ा’ असे लिहिले जाते. दोन स्वरांमधील ‘ड’ उच्चारात दोन्हीकडे बहुधा सारखाच शिथिल होतो. हिंदी लेखनाने मात्र हा भेद बिंदूने नोंदवला. या बिंदूला, म्हणजेच नुक्त्याला, संगणकीय संहितेत जे स्थान मिळाले त्याचा इतिहास तौलनिक अभ्यासकाच्या थेट उपयोगाचा आहे.

१९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकामागे ब्राह्मीजन्य लिपींसाठी एकच संकेतसारणी असावी, ही भूमिका होती. या सारणीत ‘ड़’ला स्वतंत्र जागा नव्हती, ‘ड’ (१९१) आणि त्यापुढे नुक्ता (२३३) असा तो लिहावयाचा. नुक्ता येथे निव्वळ बिंदूही नव्हता. चंद्रबिंदूपुढे तो आला की ‘ॐ’ उमटे, दंडापुढे आला की अवग्रह. ‘या चिन्हाचा सोयरा घ्यावा’ अशी जणू ती आज्ञाच होती. याउलट ऩ, ऱ, ऴ यांना स्वतंत्र अंक लाभले, कारण दाक्षिणात्य लिपींतील वर्णांची ती देवनागरी प्रतिरूपे होत.

युनिकोडने १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतला. त्यात क़, ख़, ग़, ज़, ड़, ढ़, फ़, य़ या आठ अक्षरांची वेगळी ओळही आहे. परिणामी ‘ड़’ दोन प्रकारे लिहिता येऊ लागला: दशमान गणनेत २३९६ हा एकच अंक, किंवा २३३७ आणि २३६४ अशी जोडी. डोळ्यांना रूप एकच दिसते. युनिकोड या दोहोंना समतुल्य मानते, परंतु प्रमाणीकरणाच्या वेळी जोडरूपच शिल्लक राहते. ही आठही अक्षरे संयोगातून वगळलेली आहेत. म्हणजे सारणीत जागा आहे आणि प्रमाणित संहितेत ती रिकामी! ‘ऱ’चे (२३५३) नेमके उलट: तो अखंडच राहतो. एकाच बिंदूला दोन न्याय मिळाले, आणि त्यांची मुळे बऱ्याच अंशी इस्कीच्या त्या वाटणीत आहेत.

ज्या शोधप्रणालीत प्रमाणीकरण होत नाही, तिच्यात हिंदी कादंबरीतील ‘लड़का’ या शब्दाची वारंवारता मोजणाऱ्यास निम्मे प्रयोग सापडणारही नाहीत. नुक्ते सरसकट पुसून टाकणे हा उपाय सोपा खरा, पण घातक; ‘राज़’ (गुपित) आणि ‘राज’ (सत्ता) त्यात एक होतात. ‘ड़’चा बिंदू देशी उच्चाराचा, ‘ज़’चा फारसी-अरबी वारशाचा, यंत्राला हा फरक ठाऊक नाही.

मराठीचा संबंध येथेच येतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. दुसऱ्या शब्दातील आडव्या रफाराचा अर्धा ‘र’ इस्कीच्या रीतीप्रमाणे त्याच ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात: तमिळ वर्णाच्या प्रतिरूपाने मराठी जोडाक्षर उभे राहते. युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य संयोजक ही रीतही मान्य आहे. ‘ड़’च्या दोन रूपांप्रमाणे या दोन रीती मात्र समतुल्य मानलेल्या नाहीत, प्रमाणीकरणानंतरही त्या वेगळ्याच राहतात. म्हणून मराठी संहितेची शब्दसूची करणाऱ्याने ‘दऱ्या’ दोन्ही रीतींनी शोधावा लागतो.