भिंतीवरची पावडर, नदीतला गाळ

साताऱ्याचा इतिहास म्हटलं की आपण अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करतो. आज मात्र डीडीटीपासून करू.

१९४६ साली मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली धारवाड आणि कारवारकडच्या गावांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली. १९५३ मध्ये त्याचाच राष्ट्रीय कार्यक्रम झाला. आजची सांगली तेव्हा 'दक्षिण सातारा' होती. देशात हिवतापाने वर्षाला सुमारे आठ लाख माणसं मरत, असा त्या काळचा अंदाज. बारा वर्षांत हा आजार जवळपास आटोक्यात आला. तेव्हा या पावडरीला नावं ठेवताना आपण जरा दमानं घेतलेलं बरं.

घोटाळा झाला तो शेतात. डीडीटी आणि तिची भावंड बीएचसी, दोन्ही स्वस्त. उसाला हुमणी लागली की टाका बीएचसी! शेतीतली डीडीटी १९८९ मध्ये बंद झाली, बीएचसी १९९७ मध्ये, लिंडेन २०१३ मध्ये. पण बंदी विक्रीवर येते, जमिनीत मुरलेल्या औषधावर नाही. डीडीटी पाण्यात विरघळतच नाही म्हणा ना. ती मातीच्या कणाला चिकटून वर्षानुवर्षं राहते आणि पावसात गाळाबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत जाते. लिंडेन त्या मानाने विरघळतं, त्यामुळे ते विहिरीपर्यंत झिरपू शकतं. तुरटी आणि क्लोरीन गढूळपणा नि जंतू घालवतात. या औषधांसाठी सक्रिय कोळशाची गाळणी लागते.

२००३ मध्ये दिल्लीच्या एका संस्थेला बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी सापडलं. देशभर गदारोळ झाला, शीतपेयांच्या प्रश्नावर शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संसदीय समिती बसली. बाटलीतल्या पाण्यासाठी प्रत्येक कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम ठरली. आणि नळाच्या पाण्याची? २०१२ च्या मानकात डीडीटीला १, लिंडेनला २. म्हणजे कृष्णेचं पाणी नळाने पिणाऱ्याला दहापट, वीसपट सूट! आम्हाला हे पटत नाही. पोट दोघांचं सारखंच की.

शिवाय मर्यादा मोजायची कशी? गावात महिला ज्या पेटीने पाणी तपासतात, तिच्यात क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड कळतं. कीटकनाशकाला गॅस क्रोमॅटोग्राफसारखं यंत्र हवं. युरोपला जाणाऱ्या सांगलीच्या द्राक्षांचे नमुने मात्र अशा प्रयोगशाळेत नियमाने जातात.